खोका देवदारी, पण लाकूड कुठलं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरातल्या जुन्या लाकडी सामानाबद्दल लिहिताना देवदाराचा उल्लेख मी जेमतेम दोन ओळींत केला होता, आणि त्या दोन ओळींवर एवढे प्रश्न आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवून या वेळचं सगळं सदर देवदारालाच दिलंय. आमची लाकडाची वखार होती, मी तिथेच वाढलो, त्यामुळे लाकडाबद्दल जरा जास्तच बोलतो, सांभाळून घ्या.

काका, वडिलांचं छोटं वर्कशॉप बंद केलं तेव्हा माळ्यावरून मशीनची बरीच देवदारी खोकी निघाली. मिस्त्री म्हणतोय देवदार आहे, महागाचं लाकूड आहे, टाकू नका, मस्त बुकशेल्फ करून देतो. खरंच देवदार असेल का? – एक वाचक, डोंबिवली

जवळजवळ नाहीच. आपल्याकडे पांढरट, हलकं, गाठीगाठीचं आणि खिळा पटकन घेणारं पॅकिंगचं कुठलंही लाकूड असलं की ते देवदारी. वखारीत तसंच बोलतात, बिलावर पण तसंच लिहितात, आणि त्यात कोणी कोणाला फसवतंय असंही नाही, घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं की हा पॅकिंगचा माल आहे. पूर्वी हे लाकूड हिमालयातनंच यायचं पण ते असायचं चीड, कैल, नाहीतर रई आणि तोश. ही पण सूचिपर्णीच झाडं, देवदाराची शेजारी म्हणा, पण तो देवदार नव्हे. हिमाचलची सफरचंदं यायची ती खोकी आठवतात का? ती बहुतेक रई-तोशची. त्या खोक्यांपायी एवढी झाडं जायला लागली की १९८०च्या दशकात पुठ्ठ्याचे खोके आणावे लागले. आणि आता तर बाजारात पॅकिंगला जो पाइन मिळतो त्यातला कितीतरी माल परदेशातनं कांडला बंदरात उतरतो, गांधीधामच्या आरा मशिनींवर कापला जातो आणि मग आपल्याकडे येतो.

तुमची खोकी मशीनची आहेत म्हणजे बाहेरच्या देशातनं आलेली असू शकतात. त्यावर कुठे छाप आहे का बघा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, बाजूला देशाची दोन अक्षरं, एक नंबर आणि शेवटी एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर कमीत कमी ३० मिनिटं तापवलेलं, आतली कीड मारायला. ते खुशाल वापरा. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, तसलं लाकूड मी तरी घरात, त्यातून लहान मुलांच्या खोलीत नाही घेणार. छाप नसेल तर खोकी हा छाप मारायचा नियम यायच्या आधीची नाहीतर देशातलीच.

खरा देवदार ओळखायचा तर एका कोपऱ्यावर रंधा मारा. आतलं लाकूड पिवळट तपकिरी निघतं आणि वास असा येतो की विचारायलाच लागत नाही. वरचा वास वर्षानुवर्षं हवा लागून गेलेला असला तरी रंध्याखाली परत उठतो. चिडीचा वास टर्पेंटाइनकडे जातो आणि त्यात राळेच्या बारीक नळ्या असतात, गाठीपाशी चिकट डाग दिसतात. देवदाराच्या लाकडात एरवी तशा नळ्या नसतात, त्याचं तेल लाकडातच मुरलेलं असतं. सगळी करामत त्या तेलाची आहे. वाळवी लागत नाही, बुरशी धरत नाही, पाण्यात लवकर कुजत नाही ते त्यामुळेच. त्यातही हे फक्त आतल्या नाराच्या, म्हणजे खोडाच्या मधल्या पक्क्या लाकडाबद्दल बोलतोय हां, बाहेरचा पांढरा थर देवदाराचा असला तरी किडतोच.

बुकशेल्फ करा की, चांगलं होईल. पाइनला वाळवीचं औषध दोन हात मारा, भिंतीपासून जरा सोडून ठेवा आणि मिस्त्रीला देवदाराचा भाव देऊ नका. खरा देवदार निघालाच तर पॉलिशचं प्रकरण मात्र अवघड होतं, तेल बाहेर येत राहतं आणि पॉलिश डागाळतं.

मे महिन्यात मनालीला गेलो होतो. ड्रायव्हर दिसेल त्या झाडाला देवदार म्हणत होता. नेमका ओळखायचा कसा? – पुण्याहून एक ताई

पानं बघायची. एक डहाळी हातात घ्या, खाली पडलेली पण चालेल, तोडू नका. एका जागेहून तीन लांबलचक सुया निघाल्या तर चीड, पाच निघाल्या तर कैल. सुया एकेकट्या, काडीभोवती लागलेल्या, तर रई किंवा तोश. आणि इंच-दोन इंचाच्या आखूड सुया, एका बारक्या खुंटावर वीस-तीसचा झुपका, असं दिसलं की देवदार. नव्या वाढणाऱ्या फांदीवर देवदाराच्या सुया पण एकेकट्या असतात, म्हणून जरा जुनी फांदी बघायची. लांबनं बघाल तर आडव्या आडव्या थरांच्या फांद्या आणि टोकं खाली झुकलेली.

फळावरून पण कळतं. कैलाचं शंकूफळ लांब आणि लोंबतं. देवदाराचं अंड्यासारखं, फांदीवर ताठ उभं राहतं आणि पिकलं की झाडावरच सुटं होतं, खवले आणि पंखवाल्या बिया वाऱ्यावर जातात. त्यामुळे जमिनीवर अख्खं फळ मिळतच नाही, शेंड्याचा तुकडा तेवढा मिळतो, लाकडाच्या गुलाबासारखा दिसतो, मॉल रोडवर विकायला असतो तो तोच.

उंचीचा पण अंदाज ठेवा. देवदार साधारण १,५०० ते ३,२०० मीटरच्या पट्ट्यात, पूर्व अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंत. खाली चीड, वर तोश. मनालीत हिडिंबा मंदिराभोवती ढुंगरीचं जे बन आहे ते देवदाराचंच, तिथे ड्रायव्हर शंभर टक्के बरोबर होता. मंदिर १५५३ सालचं, राजा बहादुर सिंहाने बांधलेलं, आणि त्याचं लाकूड पण देवदाराचंच. पण मला विचाराल तर मनालीच्या गर्दीत फोटो काढण्यापेक्षा खाली नग्गरला जा. तिथला जुना राजवाडा काठकुणी पद्धतीचा आहे, म्हणजे देवदाराचे ओंडके आडवे टाकायचे, मध्ये दगड भरायचे, परत ओंडके, असं थरावर थर, आणि चुना-सिमेंट काही नाही. कोपऱ्यावर ओंडके एकमेकांत अडकवलेले. भूकंप आला की भिंत हलते, दगड जरा सरकतात, पण लाकूड सगळं धरून ठेवतं. ४ एप्रिल १९०५ला कांगड्याचा मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, तरी हा वाडा उभाच राहिला. आता त्या गावांमधनं सगळीकडे स्लॅब पडायला लागलेत, कारण देवदार मिळत नाही आणि मिळाला तरी परवडत नाही. हिमाचलात गावकऱ्यांना घर बांधायला सरकारी जंगलातनं स्वस्तात झाड मिळायचा जुना हक्क आहे, टीडी म्हणतात त्याला, पण त्याचे नियम आता बरेच कडक झालेत.

हजार वर्षांचा देवदार असतो म्हणतात ते खरं की गाइडच्या गोष्टी? – सातारा

गाइडच्या गोष्टी पण असतात आणि खरं पण आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या म्युझियममध्ये एका देवदाराचा आडवा काप ठेवलाय, त्याचं वय ७०४ वर्षं. खोडात वर्षाला एक कडं वाढतं, त्यावरून वय कळतं. त्याच्यासमोर उभं राहून कुठल्या कड्याच्या वेळी शिवाजी महाराज असतील हे शोधायचा मोह कोणालाही होईल, आणि ते कडं सालीच्या बाजूला येतं, आत अजून शेकडो कडी बाकी राहतात. त्याच्याहून म्हातारी झाडं कोरड्या, खडकाळ उतारांवर सापडलीत, किन्नौर, लाहौल, गंगोत्रीच्या बाजूला, आणि तिथल्या कड्यांच्या मालिका हजार वर्षांच्या मागे जातात.

गंमत म्हणजे जाडीवरून वय सांगता येत नाही. चांगल्या मातीत, ओलाव्यात वाढलेला देवदार दोनशे वर्षांतच दोघांच्या कवेत मावत नाही, आणि डोंगराच्या खडकात अडकलेला पाचशे वर्षांचा बुवा किडकिडीतच राहतो. म्हणून गाइडने घेर मोजून वय सांगितलं की हसून सोडून द्या.

कडी मोजायला झाड पाडायला लागत नाही. पोकळ गिरमिट असतं, ते खोडात फिरवून पेन्सिलीपेक्षा बारीक काडी बाहेर काढतात, झाडाला विशेष काही होत नाही. हे काम आपल्या पुण्यात पण चालतं, पाषाणला आयआयटीएम आहे ना, हवामानवाली, तिथल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम हिमालयातल्या देवदारांच्या कड्यांवर बरीच वर्षं काम केलंय. देवदाराची कडी आपल्या मान्सूनपेक्षा मार्च ते मेमधल्या हवेबद्दल जास्त बोलतात. त्या महिन्यांत पाऊस बरा झाला की कडं रुंद, उन्हाळा लवकर तापला की बारीक. थर्मामीटर नव्हते त्या काळातल्या उन्हाळ्यांचा अंदाज अशा कड्यांवरून बांधतात.

मी रेल्वेतनं रिटायर झालो. आमच्यावेळी जुने लोक देवदाराच्या स्लीपरबद्दल बोलायचे. एवढं चांगलं लाकूड रुळाखाली का घातलं असेल? – भुसावळ

चांगलं होतं म्हणूनच घातलं, साहेब. १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर रूळ पडायला लागले. एका मैलाला १,७६० ते २,००० स्लीपर लागतात, आणि ते मातीत पडून, पावसात भिजून, वाळवीच्या तोंडी राहून टिकायला पाहिजेत. औषधपाणी न करता टिकणारी लाकडं आपल्याकडे मुख्य तीनच, साग, साल आणि देवदार. पंजाब आणि उत्तरेच्या लाइनींना जवळचा पडला देवदार, आणि वाहतुकीचा खर्च पण कमी, कारण नद्याच होत्या. ओंडके बर्फात पाडायचे, घरंगळत नदीपर्यंत आणायचे आणि चिनाब, झेलम, रावी, भागीरथी जी असेल तिच्यात सोडायचे, खाली मैदानात अडवून गोळा करायचे.

भागीरथीच्या खोऱ्यातला किस्सा तर सिनेमासारखा आहे. फ्रेडरिक विल्सन नावाचा इंग्रज, लोक त्याला पहाडी विल्सन म्हणायचे, पलटणीतनं पळून आला असं सांगतात, तो हर्सिलला जाऊन बसला. टिहरीच्या राजाकडून जंगलाचा ठेका घेतला आणि देवदार कापून गंगेतनं हरिद्वारला सोडायला लागला. एवढा पैसा केला की स्वतःची नाणी पाडली. स्थानिक बाईशी लग्न केलं, हर्सिलला सफरचंदं लावली, ती त्या भागात अजून त्याच्या नावाने ओळखतात. आणि देवदाराच्या उतारांची वाट लावली ती पण त्यानेच, पण सफरचंदाची गोष्ट सांगताना ही बाजू फारसं कोणी काढत नाही.

सरकारच्या लक्षात आलं की हे असं चाललं तर स्लीपरच मिळायचे नाहीत. १८६४मध्ये वनखातं काढलं, डीट्रिख ब्रँडिस या जर्मन माणसाला पहिला मुख्य केलं, १८६५ला आणि मग १८७८ला जंगलाचे कायदे आले. तेव्हा आपलं वनखातं जन्माला आलं ते बऱ्याच अंशी रुळाखालच्या लाकडाच्या काळजीतनं, झाडांच्या प्रेमातनं नव्हे. त्यात गावकऱ्यांचे चराईचे, लाकूडफाट्याचे हक्क गेले ते गेलेच. पुढे क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायचं डांबरी तेल, पाजलेली चीड आली, मग लोखंड, मग काँक्रीट, ते तुम्ही स्वतःच बघितलंय.

पाण्यातल्या देवदाराचं एक राहिलं. श्रीनगरच्या झेलमवरचे जुने पूल देवदाराचे ओंडके आडवेउभे रचून केलेल्या खांबांवर उभे होते, हाउसबोटींचा तळ देवदाराचा, आणि तिथल्या जामा मशिदीत पावणेचारशेच्या आसपास खांब आहेत तेही अख्ख्या देवदाराचे.

सुनेसाठी घरीच बाळंतकाढा करायचाय. काष्ठौषधीच्या दुकानात देवदार मिळतो तो घ्यावा का? आणि ऑनलाइन सीडरवूड ऑइल मिळतं ते म्हणजे तेच का? – सांगलीहून एक आजी

आजी, पहिलं म्हणजे काढा द्यायचा का, किती आणि कधीपासून, हे वैद्य आणि डिलिव्हरी केलेल्या डॉक्टर दोघांनाही विचारूनच ठरवा, मी लाकडाचा माणूस आहे. देवदार त्यात असतो हे बरोबर. आयुर्वेदात बाळंतिणीसाठी देवदार्व्यादि काढा सांगितलाय, त्यात देवदाराबरोबर वेखंड, कोष्ठ, पिंपळी, सुंठ आणि अजून बऱ्याच वस्तू असतात. पण दुकानातल्या तुकड्याची खात्री कोण देणार? दक्षिणेत देवदाराच्या नावाखाली वेगळ्याच एका झुडपाचं लाकूड चालतं, आणि इकडे पाइनचे तुकडे पण घुसतात. तुकडा मोडून वास घ्या, पिवळट तपकिरी आणि दरवळणारा असेल तर ठीक, पांढराफटक आणि बिनवासाचा असेल तर परत करा. मला विचाराल तर चांगल्या कंपनीचा तयार काढा वैद्यांच्या सल्ल्याने आणणं सोपं.

तेलाचं म्हणाल तर सीडरवूड नावाने जे विकतात त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या जुनिपरचं असतं, देवदाराशी काही संबंध नाही. बाटलीवर सिड्रस देवदारा असं लिहिलेलं असेल तरच ते हिमालयातलं. त्यातल्या मुख्य घटकांचं नावच हिमाचलीन आहे. पहाडात हे तेल मेंढ्यांच्या आणि गुरांच्या खरजेला लावतात, किडे पळवायला वापरतात. पोटात घ्यायचं नाही, बाळाच्या आसपास तर अजिबात नको.

नाशिकजवळ दोन एकर आहेत. देवदार लावला तर पुढच्या पिढीला लाकूड होईल का? – नाशिक

नाही होणार. त्याला थंडी पाहिजे, बर्फ पडलं तर उत्तमच, आणि एप्रिल-मे गार पाहिजे. आपल्याकडे नर्सरीतलं रोप कुंडीत काही वर्षं तग धरतं, मग पिवळं पडतं. आणि जिथे त्याला मानवतं तिथेसुद्धा लाकूड व्हायला शंभर-सव्वाशे वर्षं लागतात, पुढची पिढी कुठली घेऊन बसलात. साग लावा, बांबू लावा, शिवण लावा.

याच्याच जोडीला बऱ्याच जणांनी सोसायटीतल्या झाडांचे फोटो पाठवलेत. एक एक करून उत्तर देत नाही, बहुतेक सगळी अरौकेरिया आहेत, ज्याला आपण ख्रिसमस ट्री म्हणतो, ती मूळची पॅसिफिक बेटांवरची. दोन फोटो सुरूचे. एक पाचगणीचा, तो सिल्व्हर ओक, त्याचा तर सूचिपर्णी झाडांशीच संबंध नाही. आणि गेटपाशी रांगेत उभा असतो तो उंच हिरवा सुळका म्हणजे खोटा अशोक, ज्याला बंगालमध्ये देबदारू म्हणतात, त्यामुळे कोलकात्याच्या पाहुण्याशी वाद घालू नका, त्याचंही बरोबर आहे.

औंढा नागनाथचे आम्ही. कोणीतरी म्हणालं खरं ज्योतिर्लिंग उत्तराखंडात देवदारांच्या जंगलात आहे. हे काय नवीन? – हिंगोली

नवीन नाही, जुनाच वाद आहे. नागेश दारुकावनात, एवढंच सांगितलेलं आहे, आणि दारुकावन कुठलं यावर औंढा, द्वारकेजवळचं नागेश्वर आणि अल्मोड्याजवळचं जागेश्वर तिघांचाही दावा. जागेश्वरवाले देवदारांकडे बोट दाखवतात, आणि तिथे सव्वाशेच्या आसपास लहानमोठी देवळं आणि भोवती गच्च देवदार बघितला की त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावंसं वाटतं हे कबूल करतो. निकाल द्यायला मला सांगू नका, मला मराठवाड्यात पाहुणे आहेत.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. घरासमोर मोठा देवदार आहे, दर वर्षी ऑक्टोबरात गाडीवर पिवळी पूड पडते, नवऱ्याला शिंका येतात. कापावा का? – लॉस एंजेलिसजवळून

ती पूड म्हणजे पराग. बहुतेक सूचिपर्णी झाडं वसंतात पराग सोडतात, देवदार सोडतो शरद ऋतूत, म्हणून बाकीच्यांच्या ॲलर्जीचा सीझन संपल्यावर तुमच्याकडे सुरू होतो. दोन-तीन आठवड्यांचा खेळ असतो. पराग जड असतो, फार लांब जात नाही, आणि पाइन कुळातल्या झाडांच्या परागाची ॲलर्जी गवताच्या मानाने कमीच दिसते, तेव्हा शिंका नक्की कशाच्या ते आधी टेस्ट करून बघा. त्या दिवसांत खिडक्या बंद, गाडी दुसरीकडे, आणि कपडे बाहेर वाळत घालू नका.

कापायच्या आधी सिटीच्या झाडांच्या ऑफिसात विचारा, तुमच्याकडे कित्येक ठिकाणी परवानगी लागते आणि दंड जबर असतो. शिवाय तुमच्याकडे हे झाड रुळलेलं आहे. अल्टाडेनात सांता रोझा ॲव्हेन्यूवर १८८०च्या दशकात लावलेल्या देवदारांची रांग आहे, १९२० पासून नाताळात तिच्यावर दिवे लावतात, ख्रिसमस ट्री लेन म्हणतात, एकदा जाऊन या. शेंडा मात्र छाटू देऊ नका, त्याने झाडाचा आकार कायमचा जातो आणि वारा जोरात आला की वरच्या जोड फांद्या फाटतात. खालच्या फांद्या कापायच्या असतील तर सर्टिफाइड माणूस बोलवा आणि एका वर्षात फार काढू नका.

पुढच्या अंकात शिसवी पाटाला आणि जुन्या झोपाळ्याच्या कड्यांना काय लावायचं यावर आलेले प्रश्न घेतो. फोटो पाठवताना नुसता लांबनं काढू नका, लाकडाच्या कापलेल्या टोकाचा एक जवळनं पण पाठवा.